कान देणारा नाटककार

नमस्कार श्रोतेहो. विजय तेंडुलकरांवरचा अतुल पेठे यांचा माहितीपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. ‘तेंडुलकर आणि हिंसा : काल आणि आज’, २००७ सालचा. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तेंडुलकर इथे आपल्या पुण्यात वारले.

लिहिणाऱ्या माणसावर माहितीपट करणं म्हणजे पंचाईतच. टेबल दाखवा, चष्मा दाखवा, कागद दाखवा, नाटक कुठे दिसतं त्यात? (आणि मागे बासरी! माहितीपट कुणावरही असो, बासरी हवीच. का, ते देव जाणे.) तेंडुलकरांचं निम्मं लेखन कानानं व्हायचं. हो, कानानं.

त्याचाच हा किस्सा. स्थळ विलेपार्ले. एक हौशी नाटक मंडळी अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे लुटूपुटूच्या खटल्याचा, प्रयोग करायला आलेली. तेंडुलकर त्यांना जागा दाखवायला निघाले. मंडळी आपली गप्पा मारत चाललीयत आणि हा गृहस्थ वाट दाखवता दाखवता ऐकतोय. तेवढ्या वाटेत एका नाटकाचा आराखडा मनात उभा राहिला. कोणतं नाटक? ओळखलंतच तुम्ही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे.’ १९६७च्या डिसेंबरात ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं केलं, दिग्दर्शक अरविंद देशपांडे, नायिका बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे.

आता गंमत बघा. नाटक उघडतं तेव्हा रंगमंचावर पहिल्यांदा येतो सामंत. बाहेरगावच्या मंडळींना हॉल दाखवायला आलेला, गावातला साधा माणूस. वाट दाखवणारा! तेंडुलकरांनी स्वतःची जागा सामंताला दिली, असं आपलं माझं मत. आणि आल्या आल्या दाराच्या कडीत बेणारेबाईंचं बोट चेमटतं. आपण हसतो, विसरतो. पुढे त्या खटल्यातून तिला पळून जायचं असतं तेव्हा तेच दार बाहेरून अडकलेलं. कडी लक्षात ठेवा, श्रोतेहो, कडी!

आणखी एक. बेणारेचं ते गाजलेलं स्वगत तेंडुलकरांनी आधी लिहिलंच नव्हतं. बाई गप्प राहणार, एवढंच त्यांच्या मनात. दिग्दर्शक देशपांड्यांनी आग्रह धरला, तेव्हा कुठे लिहिलं. आता एकपात्री स्पर्धेत मुली हटकून तेच निवडतात, आणि पहिल्या वाक्यालाच डोळ्यांना पदर. अगं, आधी त्यातला उपहास तर वाच! रडायला पुढे भरपूर जागा आहे.