पांढऱ्या वायरीतली तपकिरी रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. बॉनेट उघडावं, तर इंजिनशेजारी एक वायर मोकळी लोंबकळतेय. गाडी चालतेय झकास. मग कुणीतरी म्हणतं, "जादाची असेल, टेप गुंडाळा आणि सोडून द्या." माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका.

आमच्याकडे वडिलांची मॉरिस मायनर आहे, 1960 ची. तिच्यात अशीच एक वायर सापडली. तेल आणि धूळ बसून काळीकुट्ट झालेली. रॉकेलच्या फडक्यानं पुसली, तरी रंग कळेना. शेवटी टोकावरची रबरी टोपी मागे सारली. आत जेमतेम अर्धा इंच वायर कोरी राहिली होती. पांढरं सूत, त्यात तपकिरी धागा.

त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये लुकास या विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीचे वायरींचे रंग ठरलेले असत. तपकिरी वायर थेट बॅटरीवरची, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली. पांढरीत तपकिरी रेघ असेल, तर ती ऑइल प्रेशरच्या दिव्याची.

पण एवढ्या वर्षांत गाडीला किती मिस्त्र्यांचे हात लागले असतील! म्हणून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब. एक टोक बॉडीला, दुसरं वायरला. मायनरमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला असतं, पण टेस्ट लॅम्पला त्यानं फरक पडत नाही. चावी बंद असताना लॅम्प लागला नाही. हे आधी बघायचंच. बंद चावीवर लागला असता, तर वायर थेट बॅटरीची, आणि ती चुकून बॉडीला टेकली की ठिणग्या! मग चावी फिरवली. लॅम्प अगदी मिणमिणता लागला, आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवाही तसाच मिणमिणला. दोघं एकच करंट वाटून घेत होते. आता लॅम्प काढून वायरचं टोक थेट इंजिनच्या ब्लॉकला टेकवलं, तर डॅशबोर्डचा दिवा लख्ख पेटला. शोधलं, तर ब्लॉकवरच ऑइल प्रेशरचा स्विच रिकामा बसलेला.

हा स्विच प्रेशर नसताना दिवा लावतो. आमचा दिवा कधी लागतच नव्हता, आणि आम्ही समजत होतो, तेल उत्तम आहे. प्रेशर गेलं असतं, तर बेअरिंग खडखडायला लागेपर्यंत पत्ताही लागला नसता.

वायर जोडली. चावीवर दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. तुमच्या गाडीत लागतो का, उद्या सकाळी स्टार्टर मारण्याआधी क्षणभर थांबून बघा.