पांढऱ्या बाहुलीमागचे जनुक

श्रोतेहो, लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकताना दिसली, तर ती फ्लॅशमुळे आली असेल असे म्हणून सोडून देऊ नये. कारण त्यामागे रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग, असू शकतो. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकाला होणारा हा रोग बहुधा पाचव्या वर्षाच्या आतच उघड होतो. बोस्टनचे नेत्रवैद्य थॅडियस ड्रायजा यांच्या संशोधनाचा मोठा भाग या रोगाच्या जनुकाला वाहिलेला आहे.

१९७१ मध्ये ॲल्फ्रेड नडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदींवरून असे अनुमान काढले होते की, गाठ होण्यासाठी पेशीवर दोन आघात, म्हणजे तिच्या जनुकांत दोन बिघाड, व्हावे लागतात, आणि आनुवंशिक प्रकारात पहिला आघात मूल जन्मतःच घेऊन येते. म्हणूनच अशा मुलांना रोग लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होतो. मात्र हे गणित होते, पुरावा नव्हता. वेब्स्टर कॅव्हनी, ड्रायजा आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एकाच मुलाचे रक्त आणि त्याची गाठ यांतील डीएनए शेजारी ठेवून तपासला, तेव्हा रक्तात तेराव्या गुणसूत्राच्या आईकडच्या व वडिलांकडच्या अशा दोन्ही खुणा होत्या, पण काही गाठींत त्यांपैकी एक नाहीशी झालेली होती. कर्करोग घडवणाऱ्या जनुकांचा शोध जोरात असण्याच्या त्या काळात, येथे मात्र एखादे जनुक नसल्यामुळे रोग होतो आहे, हे ओळखणे मला फार मोठे वाटते. जे नाहीसे झाले आहे ते शोधायचे कसे? ड्रायजांनी काही गाठींतून पूर्णपणे गळालेला तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा हेरला, आणि त्याच धाग्याने १९८६ मध्ये स्टीफन फ्रेंड व रॉबर्ट वाइनबर्ग यांच्यासह आरबी-१ हे जनुक हाती आले. गाठींना आवर घालणाऱ्या जनुकांपैकी वेगळे करता आलेले हे पहिलेच. पुढे १९९० मध्ये ड्रायजांच्याच गटाने रोडॉप्सिन या दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील एक बदल रेटिनायटिस पिगमेंटोसाशी जोडून दाखवला. रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या त्या रोगाचा तो स्वतंत्र विषय आहे.

घरातल्या माणसांना या शोधाचा उपयोग काय, हे आईवडील विचारतात, आणि तो प्रश्न रास्तच आहे. रुग्ण बालकाच्या जनुकातील नेमका दोष कळला, की त्याच्या नवजात भावंडाच्या रक्तात तो आहे का, हे पाहता येते. असेल, तर पहिल्या आठवड्यांपासून डोळे तपासून गाठ अगदी लहान असतानाच उपचार सुरू होतात. नसेल, तर त्या बाळाला भूल देऊन वारंवार होणाऱ्या तपासण्यांतून सोडवता येते. दोष वाहणाऱ्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून हा प्रश्न पुढच्या पिढीचाही आहे.

येथे जमलेल्या नेत्रशल्यविशारदांना माझी एक विनंती आहे. एकाच डोळ्यात रोग असेल, तर नेमके दोष आधी गाठीत वाचावे लागतात आणि मगच ते रक्तात शोधता येतात. तेव्हा डोळा काढण्याची वेळ आलीच, तर पॅथॉलॉजीची तपासणी बाधित न करता गाठीचा थोडा ताजा अंश जनुकीय चाचणीसाठी राखून ठेवावा, आणि त्याविषयी पालकांशी शस्त्रक्रियेआधीच बोलावे.