बॉल कोणाच्या हातात द्यायचा?

(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या गप्पावजा व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय.)

या या, बसून घ्या, मागे खुर्च्या आहेत अजून. बाहेर गोविंदा पथकाचा सराव चाललाय, त्यामुळे मधेच गलका झाला तर मी थांबेन, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

विषय तुम्हाला माहितीच आहे, एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या टीमनं पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून बाकीच्यांना खेळवणारा खेळाडू, शोधायचा कुठे. मगाशी चहा घेताना ऐकत होतो, तर तुमच्यातच तीन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतून, कोवळा पोरगा उचला आणि घडवा, दुसरी म्हणते कशाला एवढी वाट बघायची, दोन-चार पिक्स, म्हणजे ड्राफ्टमधले आपले निवडीचे नंबर, द्या आणि ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून, तयार माणूस आणा, आणि तिसरी, जी साधारण माझ्या वयाची आहे, ती म्हणते कोणीतरी जुना जाणता आणा म्हणजे बाकीची पोरं वळणावर येतील. तिघंही नावं घेतायत, फटाफट, हा आणा तो आणा. पण हे स्थळं बघताना होतं तसं झालं, मुलाचा पगार विचारला, फ्लॅट विचारला, आणि मुलीला काय हवंय ते विचारायचंच राहिलं. टीमला नेमकं काय पाहिजे यावर कोणी बोलायलाच तयार नाही.

म्हणून आज आपण एकच टीम धरू, सॅन अँटोनिओ स्पर्स. एक तर इथल्या अर्ध्या पोरांच्या अंगात त्यांच्या स्टार सेंटर वेम्बन्यामाची जर्सी दिसतेय, आणि दुसरं म्हणजे पॉइंट गार्ड शोधायचे जेवढे म्हणून रस्ते आहेत ना, ते सगळे या टीमनं गेल्या २५ वर्षांत चालून बघितलेत. त्यांच्या मॅचेस आपल्याकडे पहाटे सहा-साडेसहाच्या सुमाराला लागतात, त्यामुळे ठाण्याहून फास्ट पकडणाऱ्यांचा पहिला हाफ घरी आणि दुसरा हाफ मुलुंड ते दादर मोबाईलवर, कोणाच्या तरी कोपराखालून. ज्यांनी तसं बघितलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

सुरुवात टोनी पार्करपासून. २००१ चा ड्राफ्ट, २८ वा नंबर, आणि त्या वर्षी पहिल्या फेरीत २८च पिक्स होते, म्हणजे पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा. १९ वर्षांचा, फ्रान्समधून आलेला, अंगानं किरकोळ. पहिल्या ट्रायलमध्ये कोच पॉपोविचला तो अजिबात आवडला नव्हता, नको म्हणाला होता, मग स्टाफमधल्या लोकांनी गळ घातली म्हणून पुन्हा बोलावलं. पार्कर त्याच सीझनला स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणाऱ्या पाचांतला एक, झाला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात, ड्राफ्टवाल्यांची तर ती आवडती गोष्ट आहे, पण पुढचं फारसं कोणी सांगत नाही.

२००३ साली स्पर्स चॅम्पियन झाले, फायनलला समोर न्यू जर्सी नेट्स, म्हणजे त्यांचा पॉइंट गार्ड जेसन किड. सहावी मॅच, म्हणजे जी जिंकून ट्रॉफी आली ती, त्यात शेवटच्या क्वार्टरला बॉल पार्करच्या हातात नव्हता, बॅकअप स्पीडी क्लॅक्स्टन खेळत होता. आणि मग उन्हाळ्यात काय केलं स्पर्सनी? डेव्हिड रॉबिन्सन रिटायर झाल्यामुळे कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या पगारांच्या मर्यादेत, जागा होती, तर ज्याला आत्ताच हरवलं त्या किडच्याच मागे लागले! पार्कर टीममध्ये आहे, स्टार्टर आहे, हातात ताजी ट्रॉफी आहे, आणि मॅनेजमेंट उघड उघड त्याच्या जागेवर दुसरा शोधतेय. किड शेवटी नेट्सकडेच राहिला. पार्करचं नशीब म्हणा, पॉपोविचचं म्हणा. २००७ ला तोच पार्कर फायनल्स एमव्हीपी, म्हणजे फायनलचा सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि एकूण चार ट्रॉफ्या त्याच्या नावावर लागल्या. म्हणजे ज्याला आज आपण संयमाचं उदाहरण म्हणून मिरवतो तिथे स्पर्सनी संयम ठेवलाच नव्हता, समोरचा नाही म्हणाला एवढंच. पॉइंट गार्ड उशिरा पिकतो. सेंटरची उंची पहिल्या दिवशी दिसते, शूटरचा हात आठवड्याभरात कळतो, पण पाच माणसं कुठे असतील आणि दोन सेकंदांनी कुठे असणारेत हे डोक्यात बसायला वर्षं जातात आणि तोपर्यंत फॅन्सचा दम निघत नाही.

पार्करनंतर डिजॉन्टे मरे. २०१६ ला २९ वा पिक, जानेवारी २०१८ मध्ये पार्करनं त्याला स्वतःची जागा दिली, कुरकुर न करता. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मरेचा गुडघा गेला, पूर्ण सीझन घरी. परत आला, २०२२ ला ऑल स्टार झाला, आणि त्याच उन्हाळ्यात स्पर्सनी त्याला अटलांटाला देऊन पहिल्या फेरीचे पिक्स घेतले. त्यावरून इथे काही मित्रांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, मला माहितीये कोण ते, नाव घेत नाही.

आता जरा सावकाश जाऊ, कारण पुढचा भाग माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा आहे. २०२३-२४ चा सीझन. वेम्बन्यामा नुकताच आलाय, सात फूट चार इंच, पहिला पिक, अख्खं जग बघतंय. आणि पॉपोविच काय करतो, तर जेरेमी सोहानला पॉइंट गार्ड करतो. सोहान म्हणजे सहा फूट आठ इंचाचा फॉरवर्ड, डिफेन्स चांगला, अंगात मस्ती, फ्री थ्रो एका हातानं मारणारा गडी. आणि ट्रे जोन्स, जो त्याच्या आदल्या वर्षी स्टार्टर पॉइंट गार्ड होता, तो बेंचवर.

कागदावर आयडिया वाईट नव्हती. उंच माणूस वरून बघतो, वरून पास देतो, मॅजिक जॉन्सन सहा फूट नऊ इंचाचा होता वगैरे वगैरे. पण प्रत्यक्षात काय व्हायचं बघा. समोरची टीम त्याला पाऊण कोर्टावरच पकडायची. आठ सेकंदात बॉल मधली लाईन ओलांडायला पाहिजे, तो ओलांडायचा, पण पाठ करून, अंग मधे घालून, बॉल वाचवत वाचवत. पाठ केली की नजर गेली. तो वळून बघेपर्यंत चोवीस सेकंदांतले सात-आठ संपलेले. तिकडे वेम्बन्यामा बास्केटजवळ हात वर करून उभा, त्याच्यामागचा डिफेंडर अजून जागेवर आलेला नाही, ही जी खिडकी असते ना ती पाऊण सेकंदाची असते, त्यात पास सुटला तर डंक आणि नाही सुटला तर तीन जण गोळा. सोहानला पास दिसायचा, नाही असं नाही, पण दिसल्यावर तो दोन्ही हातात बॉल घ्यायचा आणि मग फेकायचा. पार्करसारखा माणूस त्या वेळी ड्रिबल चालूच ठेवतो आणि त्याच ड्रिबलमधून एका हातानं पास काढतो. एवढाच फरक, आणि एवढ्याशा फरकात पूर्ण ऑफेन्स बसला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सलग १८ मॅचेस हरले. सगळा दोष सोहानचा होता असं मी म्हणणार नाही, टीमच अतिशय कोवळी होती, पण डिसेंबरात तो प्रयोग गुंडाळला आणि जानेवारीत ट्रे जोन्स स्टार्टर झाला तेव्हा फरक टीव्हीवर सुद्धा दिसत होता. जोन्स काही मोठा खेळाडू नव्हे, २०२० ला ४१ वा पिक. पण बॉल वेळेवर पोचायला लागला. सीझन २२-६० संपला तो संपलाच, पण वेम्बन्यामाला काय लागतं हे सगळ्यांना कळलं.

मग २०२४ ला ख्रिस पॉल आणला, तुमची तिसरी पार्टी खूश. ३९ वर्षांचा माणूस, करिअरचा विसावा सीझन, ८२ च्या ८२ मॅचेस स्टार्ट केल्या. एनबीएत विसाव्या सीझनला हे आधी कोणी केलं नव्हतं. भारीच. पण वर्ष संपलं आणि तो क्लिपर्सकडे गेला. शिकवायला माणूस आणायचा तर आणा, पण त्यामुळे शोध संपला असं समजू नका. त्याच २०२४ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या नंबरला स्टेफॉन कॅसल आला होता, तो रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवखा, झाला. फेब्रुवारी २०२५ ला ट्रेड करून डी'आरन फॉक्स आणला, आणि जूनमध्ये ड्राफ्टचा दुसरा नंबर लागला तर डिलन हार्पर. दोन वर्षांपूर्वी फॉरवर्डला बॉल आणायला लावणाऱ्या टीमकडे आता तीन गार्ड आहेत आणि आता फॅन्सचं भांडण काय, तर एवढे कशाला! घ्या.

फॉक्सवरून आठवलं. तो आला सॅक्रामेंटो किंग्जकडून. किंग्ज म्हणजे आपल्या मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवेंची टीम, ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोमला पेसर्सशी खेळायला आली होती तीच, इथले काही जण गेले होते तेव्हा. फॉक्स तेव्हा किंग्जमध्येच होता. २०२० ला किंग्जनी १२ व्या नंबरला टायरीस हॅलिबर्टन घेतला, म्हणजे दोन पॉइंट गार्ड झाले. दोघांचं एकत्र जमत नाही असं ठरवून फेब्रुवारी २०२२ मध्ये हॅलिबर्टन पेसर्सला दिला, बदल्यात साबोनिस घेतला. साबोनिस चांगलाच आहे, प्रश्न तो नाही. पण तीन वर्षांत फॉक्सही गेला, आणि हॅलिबर्टन २०२५ ला पेसर्सना फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत घेऊन गेला. तिथे बिचाऱ्याचं अकिलीस तुटलं ते वेगळं. समोर जिंकलं ओकेसी, म्हणजे ओक्लाहोमा सिटी, आणि त्यांचा शे गिल्जस-अलेक्झांडर कुठून आला? क्लिपर्सकडून, एका सीझननंतर, २०१९ च्या पॉल जॉर्जच्या ट्रेडमध्ये. म्हणजे २०२५ च्या फायनलला दोन्ही बाजूंचे मुख्य गार्ड दुसऱ्या कोणीतरी सोडून दिलेले होते.

माझं म्हणणं इथेच आहे. पॉइंट गार्ड शोधायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे दुसऱ्याची टीम, आणि तिथेही स्टार नाही, तर जो अर्धा पिकलाय आणि ज्याच्या पुढे कोणीतरी उभा आहे तो. स्टीव्ह नॅश १९९६ ला फिनिक्सनं १५ वा घेतला, पण पुढे केव्हिन जॉन्सन आणि नंतर किड, खेळायला मिळणार कधी? १९९८ ला डॅलसला गेला. पुढे परत फिनिक्सला आला आणि लागोपाठ दोनदा एमव्हीपी, २००५ आणि २००६. चॉन्सी बिलप्स १९९७ चा तिसरा पिक, बोस्टननं पहिल्याच सीझनच्या मध्यात काढला, मग टोरांटो, डेन्व्हर, ऑरलँडो, मिनेसोटा असा गावोगाव फिरला, २००२ ला डेट्रॉइटनं घेतला आणि २००४ ला फायनल्स एमव्हीपी. कायल लाऊरी तिसऱ्या टीमला जाऊन लाऊरी झाला. जेलन ब्रन्सन ३३ वा पिक, डॅलसमध्ये लुका डॉन्चिचच्या सावलीत चार वर्षं, निक्सनी २०२२ ला फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपल्यावर, आणला तेव्हा एवढे पैसे कशाला म्हणून केवढी ओरड झाली, आणि २०२५ ला निक्स २००० नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला.

(इथे एका श्रोत्यानं, हे तर ड्राफ्टमध्ये वरच्या नंबरला मिळाले, असं म्हणत मॅजिक, आयझाया थॉमस आणि ख्रिस पॉलची नावं घेतली.)

बरोबर आहे दादा, मॅजिक १९७९ चा पहिला पिक, आयझाया १९८१ चा दुसरा, पॉल २००५ चा चौथा. वरच्या पिकला सोनं लागतंच, नाही कोण म्हणतंय. पण पिक हातात असला म्हणून निवड बरोबर येते असं थोडंच आहे? २००९ ला मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन पिक्स होते, दोन्हीला त्यांनी पॉइंट गार्डच घेतले, रिकी रुबिओ आणि जॉनी फ्लिन. सातव्याला गोल्डन स्टेटनं स्टेफ करी घेतला. यावर मी आणखी काही बोलत नाही, तुम्ही हसताय तेवढं पुरे. शिवाय वरचे पिक्स कोणाला ते ठरवणाऱ्या लॉटरीचे नियम २०१९ पासून असे केले की सगळ्यात वाईट तीन टीम्सनाही पहिल्या पिकची संधी १४-१४ टक्केच, म्हणजे मुद्दाम हरूनही हमी नाही.

आणि नावं काढायच्या आधी हे ठरवा की तुमच्या टीममध्ये बॉल सगळ्यात जास्त वेळ कोणाकडे राहणारे. डेन्व्हरला योकिच सेंटर असून पास तोच देतो, तिथे गार्ड शूटर लागतो आणि बॉलशिवाय पळणारा लागतो. कोच फिल जॅक्सनच्या ट्रँगल नावाच्या पद्धतीत रॉन हार्पर, डेरेक फिशर असे गडी चालून गेले, कारण बॉल मायकल जॉर्डनकडे नाहीतर कोबी ब्रायंटकडे. वेम्बन्यामासोबत मात्र वेळेवर आणि उंच पास टाकणारा लागतो. तीन टीम्स, तीन वेगळी माणसं.

आपल्याकडे तर याहून वाईट. मी इथल्या सोसायटीच्या कोर्टवर बारा-चौदा वर्षांची पोरं बघतो, तिथे टीम पाडताना काय होतं? सगळ्यात बुटका असेल त्याला बॉल देतात, तू आण रे वर. त्याला विचारलंय का कोणी? आणि बाजूला आई-बाबा उभे, त्यांना पोरानं बास्केट मारलेलं बघायचंय, असिस्टचा, म्हणजे ज्यावर बास्केट होते त्या पासचा, कोणी व्हिडिओ काढत नाही. मी एक गोष्ट बघतो फक्त. रिबाउंड पडला आणि बॉल त्याच्या हातात आला की पहिल्यांदा मान कुठे वळते, बॉलकडे की पुढे. पावसानं कोर्ट ओलं असतं, बॉल नीट उसळत नाही, तेव्हा तर हे अगदी स्वच्छ कळतं, बहुतेक पोरं खालीच बघतात. एक मुलगी आहे सध्या, ती बॉल हातात यायच्या आधीच पुढे कोण पळतंय ते बघून ठेवते, आणि डाव्या हातानं पण तेवढ्याच विश्वासानं जाते. तिच्या टीममध्ये ती सबस्टिट्यूट आहे, कारण स्टार्टर गार्ड तिच्यापेक्षा जास्त पॉइंट्स मारतो. सांगा आता.

(शेवटी एकानं विचारलं, फॉक्सनं आता चार वर्षांचं मोठं कॉन्ट्रॅक्ट एक्स्टेन्शन साइन केलंय, मग हार्परला आत्ताच विकून टाकलेलं बरं नाही का?)

नाही. अजिबात नाही. १९ वर्षांचा पोरगा, एनबीएत एक मॅच खेळला नाही अजून आणि विकायला काढताय? किंग्जनी केलं ना ते, बघितलं आपण. फॉक्स वेगावर जगणारा गार्ड आहे, तो तिशीत गेल्यावर काय होतं ते तेव्हा बघू, तेव्हा हार्पर बावीस-तेवीसचा असेल. कॅसल तर दोन नंबरच्या, तीन नंबरच्या, कुठल्याही जागेवर डिफेन्स करतो. हिशोब करा की, ४८ मिनिटं, गार्डच्या दोन जागा, म्हणजे ९६ मिनिटं, माणसं तीन, बत्तीस-बत्तीस मिनिटं आली प्रत्येकाला. गार्डच्या जागेवर खेळणाऱ्या व्हॅसेलला एक घर वर सरकवावं लागेल आणि तो थोडा रुसेल. रुसू दे.