कूलर बंद केल्यावर

(दृश्य: उत्तर नागपुरातली एक वस्ती, मे महिन्यातली संध्याकाळ. समाजभवनाच्या खिडकीत घरघरणारा कूलर.)

दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास होता. सात वाजलेत, तरी भिंती तापलेल्याच आहेत. नागपुरात ध्यान-वंदनेसाठी शांत जागा करायची म्हटलं की पहिला अडथळा ट्रॅफिक नाही, डीजे नाही. कूलर. तो चालू ठेवला तर शेजारच्याचा शब्द कळत नाही आणि बंद केला तर दहा मिनिटांत सदरा अंगाला चिकटतो.

"बंद करा न जी, काही आयकूच येऊन नाही राहिलं!"

तोडगा वस्तीतल्याच एका कूलरवाल्यानं काढला. बुद्धवंदनेच्या तासभर आधी कूलर लावायचा. समोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, नाहीतर ओलावा आतच कोंडतो. सगळे बसले की बटण बंद. गार झालेली फरशी पुढची वीस मिनिटं निभावून नेते.

हॉल तसा साधाच. टिनाचं छत, ऑइल पेंटच्या भिंती. इथे नामकरण होतं, साखरपुडा होतो, पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे माणूस गेल्यानंतरच्या विधीच्या, पंगतीही इथेच बसतात. त्याच फरशीवर आता रोज ध्यान आणि त्रिशरण-पंचशील, रविवारी खंजिरीवर भजन.

(दृश्य: रिकामा हॉल. एक मुलगा टाळी वाजवतो.)

ऐकलं? टाळी एकच होती. कडक भिंत, फरशी, टिन, सगळेच आवाज परत फेकतात. पन्नास माणसं 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणू लागली की पहिल्या ओळीचं शेपूट दुसरीत अडकतं. अशा वेळी कमिटीला हमखास सुचणारा उपाय म्हणजे मोठा स्पीकर. त्यानं गोंगाटच मोठा होतो.

इथल्या बायकांनी घरोघरच्या जुन्या वाकळी आणल्या. मागच्या भिंतीवर टांगल्या, पण भिंतीला चिकटवून नाही, वीतभर अंतर सोडून. कापड आणि भिंतीमध्ये हवा राहिली की आवाज जास्त शोषला जातो. खाली सतरंज्या. खंजिरीच्या झांजांचा कर्कशपणा उतरला. ढोलकीचा घुमारा मात्र तसाच आहे, जाड आवाज वाकळीला दाद देत नाही.

ध्यान आणि खंजिरी एकत्र कशी, असं शहराबाहेरचा माणूस विचारेल. विदर्भाला ते नवं नाही. सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि हातात खंजिरी, ही तुकडोजी महाराजांनी गावोगावी लावलेली सवय.

आणि दीक्षाभूमी तर याच शहरात. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीनं जिथे धम्म स्वीकारला, तिथला स्तूप 2001 साली खुला झाला. आतून पोकळ, विशाल घुमट. आत शिरलं की बोलकी माणसंही आवाज खाली आणतात. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिरही आहे. दहा दिवस मौन पाळायचं तर विपश्यना केंद्र आहे. पण ज्या बाईला सातला भाकरी टाकायच्या आणि आठला नातवाला झोपवायचं, तिच्यासाठी हे सगळं लांबच. तिला जागा हवी चपला घालून दोन मिनिटांत पोचता येईल अशी.

(दृश्य: गल्लीतून वरात. बँडचा आवाज.)

कायदा म्हणतो, निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. बँडवाल्याला हे सांगून बघा! इथे बोलणी झाली ती मंडप-डेकोरेशनवाल्याशी, कारण लग्नाची तारीख आणि वरातीची वाट त्यालाच आधी कळते. वंदनेच्या आधी वरात पुढे काढायची, एवढंच ठरलंय. ते बहुतेक वेळा पाळलं जातं. हॉलची किल्ली कुणाकडे राहणार यावर मात्र जास्त दिवस वाद झाला.

आता प्रश्न पावसाळ्याचा. टिनावर सर आली की वंदनाच ऐकू येत नाही. छताखाली सीलिंग लावावं, असं तरुण मुलांचं म्हणणं. पुढच्या रांगेतल्या आजींना ते पटत नाही.

"सिलिंग मंग लावजा रे पोट्टेहो. पयले गळती तं बंद करा!"

सध्या वर्गणी गळतीसाठी चालू आहे.