पोक घालवण्याआधी पाय पाहा

श्रोतेहो, नमस्कार. पोक काढून बसणाऱ्याला सगळे एकच सांगतात, ‘ताठ बस, छाती पुढे काढ.’ तो दोन मिनिटं ताठ बसतो आणि पुन्हा वाकतो. माझं म्हणणं असं, की उभं राहण्याची ढब बिघडली असेल तर खांद्यांकडे वळण्याआधी पायांकडे बघावं.

रोजच्या वापरातली चप्पल उलटी करा. टाचेची बाहेरची कड थोडी जास्त झिजलेली असेल तर ते स्वाभाविक आहे. आतली कड झिजत असेल, तर मात्र पाय आत कलंडतो अशी शंका घ्यायला हरकत नाही. पाय आत कलंडला की नडगी आत फिरते, तिच्यामागून गुडघा आत येतो आणि तोल सावरायचं काम कमरेवर पडतं.

आता अनवाणी उभं राहून टाचा उचला, कुणाला तरी मागून बघायला सांगा. चवड्यांवर येताच तळव्याची कमान दिसली आणि टाच किंचित आत वळली, तर पाय लवचीक आहे आणि व्यायामाला दाद देईल. कमान उठलीच नाही, किंवा आजवर ठीक असलेला एकच पाय अलीकडे सपाट होऊ लागला असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. लहान मुलांचे तळवे सपाट दिसतात म्हणून मात्र घाबरू नका. कमान वाढत्या वयात तयार होत जाते.

मुख्य व्यायाम खुर्चीत बसूनच करायचा. पाऊल जमिनीवर सपाट ठेवा. बोटं न मुडपता अंगठ्यामागचा उंचवटा टाचेच्या दिशेने ओढा. पाऊल जरासं आखूड होतं, कमान वर येते. पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. सुरुवातीला बोटं जमिनीत रुततात आणि तळव्यात गोळा येतो. तसं झालं की जोर कमी करा. इथे जोरापेक्षा नेमकेपणा महत्त्वाचा. बसून जमलं की उभं राहून, मग एका पायावर.

जोडीला पोटरीचा ताण हवाच, कारण आखडलेली पोटरी पायाला आत ढकलते. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली; तीस सेकंद थांबा. खुब्याचे स्नायू दुबळे असले तरी गुडघा आत येतो. त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून सावकाश उचला.

व्यायामाने हाडांचा आकार बदलत नाही. हाडं धरून ठेवणारे स्नायू तयार होतात आणि त्याला आठवडे लागतात. बुटात घालायच्या आधारपट्ट्यांनी दुखणं कमी होत असेल तर खुशाल वापरा, पण त्या स्नायूंचं काम शिकवत नाहीत. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी काहीही करण्याआधी डॉक्टरांना विचारा.