पैसे आले कुठून? कुठूनच नाही!

नमस्कार श्रोतेहो. आज आपण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरी शहरात जाणार आहोत. साल 1955. तिथल्या बसमध्ये पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. काळ्या उतारूनं पुढच्या दारानं चढायचं, दहा सेंट भाडं भरायचं, आणि पुष्कळदा ड्रायव्हर फर्मावी: आता खाली उतर आणि मागच्या दारानं ये. 1 डिसेंबरला रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली आणि 5 डिसेंबरपासून काळ्या समाजानं बसवर बहिष्कार टाकला. बहिष्कार चालला 381 दिवस. पुन्हा सांगतो, 381 दिवस, म्हणजे वर्षाहून जास्त.

इतके दिवस लोक कामावर गेले कसे? खूपजण पायी गेले. बाकीच्यांसाठी सुमारे तीनशे खासगी मोटारी ठरलेल्या थांब्यांवरून फिरत होत्या. मोटारीला पेट्रोल लागतं, टायर लागतात, विमा लागतो. चळवळींच्या इतिहासात भाषणं छापतात, जमाखर्च छापत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. बहिष्काराची हाक देणारी पत्रकंसुद्धा प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी रात्रभर जागून, हजारोंच्या संख्येनं सायक्लोस्टाइल केली होती, म्हणजे प्रती काढायच्या यंत्रावर छापली होती.    

तर पैसे. मला आज सांगायची आहे ती जॉर्जिया गिलमोर या बाईंची गोष्ट. या एका उपाहारगृहात स्वयंपाकी होत्या. धिप्पाड बांधा, कुणाचं ऐकून न घेणारा स्वभाव, आणि हाताला चव. 1955 च्या ऑक्टोबरात त्या बसमध्ये चढल्या, भाडं भरलं, ड्रायव्हर म्हणाला, उतर, मागच्या दारानं ये. त्या उतरल्या, मागच्या दाराकडे निघाल्या, तोच त्यानं बस सोडली. पैसे त्याच्याकडे, बाई रस्त्यावर. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, यापुढे या बसमध्ये पाय ठेवायचा नाही. म्हणजे रोझा पार्क्स यांच्या अटकेच्याही आधी!

बहिष्कार सुरू झाल्यावर जॉर्जियाबाईंनी ओळखीच्या बायका गोळा केल्या. कुणी स्वयंपाकी, कुणी गोऱ्यांच्या घरची मोलकरीण. या बायका घरी चिकन तळायच्या, सँडविच करायच्या, पाउंड केक भाजायच्या, रताळ्याचं सारण भरून पक्वान्नं करायच्या, आणि ब्यूटी पार्लरमध्ये, लाँड्रीत, टॅक्सीच्या अड्ड्यावर नेऊन विकायच्या. घेणाऱ्यांत गोरेही असत. आपले पैसे कुठे जाताहेत, याचा त्यातल्या कित्येकांना पत्ता नसे.

पण मालकिणीला कळलं तर नोकरी जाणार. म्हणून मंडळाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठूनच न आलेलं मंडळ. कुणी विचारलं, हे पैसे आले कुठून, तर उत्तर तयार: कुठूनच नाही! आणि ते खोटंही नव्हतं. कुणी काय रांधलं, कुणी किती दिले, हे एकट्या जॉर्जियाबाईंना ठाऊक. सगळा व्यवहार रोखीचा, कागदावर एक अक्षर नाही. चर्चमध्ये सभा भरली की त्या पुढे जाऊन आठवड्याची रक्कम जाहीर करत, आणि माणसं उठून टाळ्या वाजवत, पाय आपटत. दुसऱ्या वस्तीतल्या बायकांनीही असंच मंडळ काढलं, आणि कुणाची रक्कम मोठी, याची चुरस लागली. नोटा थेट मोटारींच्या पेट्रोलला जात. लक्षात घ्या, तळलेल्या चिकनचे पैसे पेट्रोलला जात होते.

मार्च 1956 मध्ये बहिष्काराचे पुढारी, पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर बहिष्कारापायी खटला चालला. जॉर्जियाबाईंनी कोर्टात उभं राहून त्या ड्रायव्हरची हकीकत सांगितली. नोकरी गेलीच. तेव्हा किंग त्यांना म्हणाले, आता दुसऱ्यासाठी का राबता, स्वतःच्या घरात खानावळ सुरू करा. सुरुवातीला पैशाचीही मदत केली.

बसचा निकाल लागला तो चार काळ्या स्त्रियांनी लावलेल्या दाव्यात. नोव्हेंबर 1956 मध्ये सुप्रीम कोर्टानं बसमधला वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निर्णय कायम केला आणि 21 डिसेंबरला माणसं पुन्हा बसमध्ये चढली, हव्या त्या जागी बसली.

जॉर्जियाबाई मात्र परत कुणाच्या नोकरीला गेल्या नाहीत. त्यांच्या घरच्या टेबलावर वकील, प्राध्यापक, पुढारी जेवायला येऊ लागले, काळे आणि गोरे शेजारी-शेजारी. किंग आपले पाहुणे तिथेच आणत.

पुढच्या भागात त्या चार दावेदार स्त्रियांबद्दल, विशेषतः पंधराव्या वर्षी अटक झालेल्या क्लॉडेट कोल्विनबद्दल बोलू. नमस्कार.