वर्डमधला अहवाल लिब्रेऑफिसात का विस्कटतो? फाइल फोडून पाहू

नमस्कार मंडळी.

[स्क्रीनवर: एकच अहवाल, शेजारी शेजारी दोन खिडक्यांत]

हा एका हाउसिंग सोसायटीचा वार्षिक अहवाल. या व्हिडिओसाठीच बनवलाय. वर लोगो, खाली मराठी मजकूर, मध्ये थकबाकीचा तक्ता आणि शेवटी एक्सेलमधून आणलेला खर्चाचा चार्ट. डावीकडे तो वर्डमध्ये उघडलाय, उजवीकडे सोसायटीच्या खजिनदारांच्या लिनक्स कॉम्प्युटरवर, लिब्रेऑफिसात, म्हणजे वर्डसारख्याच मोफत सॉफ्टवेअरात. डावीकडे सहा पानं, उजवीकडे सात. तक्त्याची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटीच जाऊन बसलीय. फाइल तीच आहे, एक अक्षरही बदललेलं नाही.

अशा वेळी पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "फुकटच्या सॉफ्टवेअरचं असंच असतं." हे मला अजिबात पटत नाही. का, ते ही फाइल फोडून दाखवतो.

फाइलची एक कॉपी करा. मूळ फाइलला हात लावू नका. कॉपीच्या नावातलं शेवटचं डॉक्स (.docx) काढून तिथे झिप (.zip) लिहा आणि उघडा.

[स्क्रीनवर: झिपच्या आतले फोल्डर]

डॉक्स म्हणजे मुळात झिपच आहे. आत वर्ड नावाचा फोल्डर आहे. त्यात मजकुराची एक फाइल, स्टाइल्सची दुसरी, कोणते फॉन्ट वापरले त्याची तिसरी. मीडिया फोल्डरमध्ये लोगो. आणि एम्बेडिंग्ज नावाच्या फोल्डरमध्ये बघा काय आहे: एक अख्खी एक्सेल फाइल! चार्टमागचे सगळे आकडे इथे आहेत. सभासदांची नावं असलेली दुसरी शीट त्या वर्कबुकात असेल, तर तीही आली. पानावर फक्त चार्ट दिसतो, पण फाइल पाठवली की वर्कबुकही समोरच्याच्या हातात जातं. गोपनीय हिशेब पाठवणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा.

आता मजकुराची फाइल उघडतो. ती एक्सएमएलमध्ये आहे, म्हणजे साध्या एडिटरमध्ये वाचता येते. यात परिच्छेद आहेत, तक्त्याच्या ओळी आहेत, कागदाचा आकार आणि समासही आहेत. पण हे वाक्य तिसऱ्या पानावर, वरून इतक्या सेंटिमीटरवर येईल, असं कुठेही लिहिलेलं नाही. मध्येमध्ये एक छोटी खूण दिसते, मागच्या वेळी वर्डने इथे पान तोडलं होतं एवढंच सांगणारी. ती नुसती नोंद आहे, ती पाळायचं बंधन कोणावरच नाही. पान कुठे तुटेल हे प्रत्येक सॉफ्टवेअर फाइल उघडताना नव्याने ठरवतं. त्यासाठी त्याला अक्षरांची उंची-रुंदी लागते, आणि ती येते त्या कॉम्प्युटरवर असलेल्या फॉन्टमधून.

वर्डमधला मराठी मजकूर मंगल फॉन्टमध्ये आहे. मंगल हा विंडोजचा फॉन्ट आहे. खजिनदारांच्या लिनक्सवर तो नाही. मग त्याच्या जागी लोहित देवनागरी किंवा नोटो येतो. मंगल आणि लोहित यांच्या ओळीची उंची सारखी नसते. प्रत्येक ओळीत थोडासा फरक पडला, तरी सहा पानांत तो केवढा होतो बघा. इंग्रजीसाठी यावर उपाय निघालाय: टाइम्स न्यू रोमनच्या मापाचा लिबरेशन सेरिफ, कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो. तो फॉन्ट बदलला तरी ओळी जागच्या जागी राहतात. देवनागरीत मात्र दोन्हीकडे एकच फॉन्ट असेल तरच निभाव लागतो. म्हणून माझा आग्रह असा, की ज्यांच्याशी फाइलींची देवाणघेवाण रोजची आहे त्यांनी मिळून एक मोफत युनिकोड फॉन्ट ठरवावा. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत. नोटो सान्स देवनागरी घ्या. सगळ्या मशीनवर टाका. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

याच फाइलीत मराठीपुरता आणखी एक पेच आहे.

[स्क्रीनवर: शीर्षकाचा एक्सएमएल, मोठा करून]

या शीर्षकाला दोन मापं दिलेली आहेत. एकाचं नाव एसझेड, दुसऱ्याचं एसझेडसीएस. दोन्हींत २८ लिहिलंय, म्हणजे १४ पॉइंट, कारण इथे माप अर्ध्या पॉइंटात मोजतात. पहिलं माप इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी. दुसरं कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी, म्हणजे अरबी, हिब्रू, थाई आणि आपली देवनागरी. फॉन्टचं नाव, ठळकपणा, तिरपेपणा, या सगळ्यांच्या अशाच दोन-दोन नोंदी असतात. पण रिपोर्ट आपोआप तयार करणारे बरेच प्रोग्रॅम फक्त पहिली नोंद लिहितात. लिहिणाऱ्याने इंग्रजी मजकुरावर तपासलेलं असतं, तिथे सगळं ठीक दिसतं. मग तीच फाइल आपण उघडतो तेव्हा शीर्षकातला इंग्रजी शब्द मोठा आणि ठळक, आणि त्याला चिकटलेला मराठी शब्द बारीक! तुम्ही पुन्हा पुन्हा साइज वाढवता, पाठवता, पलीकडे परत तेच.

लिब्रेऑफिसात कॅरेक्टरच्या खिडकीत यासाठी वेगळा भाग आहे, सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) किंवा नुसता कॉम्प्लेक्स नावाचा. वर्डच्या फॉन्ट खिडकीतही, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची भाषा चालू असेल तर, खाली वेगळा रकाना दिसतो. मराठीचं माप तिथे बघा. आणि शब्द निवडून साइज बदलत बसू नका, थेट हेडिंगची स्टाइल दुरुस्त करा. सगळी शीर्षकं एकदम सुधारतात, आणि पलीकडच्या सॉफ्टवेअरलाही हे शीर्षक आहे हे कळतं.

जुन्या डीटीपीच्या फाइलींची गोष्ट वेगळी. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधल्या मजकुरात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकार बसवलेले असतात. मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. अगम्य रोमन अक्षरं दिसली, तर आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा, बाकीचं नंतर.

आता जरा मागे जाऊ, कारण पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. कार्यालयाकार्यालयांत फाइली न मोडता कशा जाव्यात, हा प्रश्न वर्ड सर्वत्र पोहोचण्याच्याही आधीचा आहे. १९८० च्या दशकात प्रत्येक कंपनीचा वर्ड प्रोसेसर निराळा होता आणि एकाची फाइल दुसऱ्याला कळत नव्हती. तेव्हा ओडीए (ऑफिस डॉक्युमेंट आर्किटेक्चर) नावाचं मानक तयार झालं. १९८५ मध्ये एक्मा १०१ म्हणून, आणि १९८९ मध्ये आयएसओ ८६१३ म्हणून. एक्मा आणि आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या संस्था. युरोपात बुल, आयसीएल, ऑलिव्हेटी, सीमेन्स या कंपन्यांनी मिळून ते चालवून पाहिलं. अमेरिकेत कार्नेगी मेलन आणि मिशिगन विद्यापीठांनी, संशोधनाचे प्रस्ताव इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवता यावेत म्हणून, आपापल्या वेगवेगळ्या सिस्टिममधल्या फाइली याच मानकातून अदलाबदल करून पाहिल्या.

ओडीएने डॉक्युमेंटला दोन अंगं मानली. एक तर्काची रचना: प्रकरण, शीर्षक, परिच्छेद. दुसरी मांडणीची: पान, चौकट, ओळ. एकच मजकूर, दोन्हींना जोडलेला. आणि त्यावरून पाठवण्याचे तीन प्रकार ठरवले. फक्त पाहण्या-छापण्यासाठी असेल तर मांडणी पाठवा. पुढच्याने बदल करायचे असतील तर रचना पाठवा. दोन्ही हवं असेल तर दोन्ही एकत्र पाठवा. किती स्वच्छ विचार आहे हा! मानक मात्र फार अवजड झालं, ते नीट वापरणारी उत्पादनं मोजकी निघाली, आणि तोवर टेबलाटेबलावर वर्ड पोहोचलं होतं. ओडीए बाजूला पडलं. त्याने मांडलेला प्रश्न तसाच राहिला, आणि आपण आजही तो न विचारता फाइल पाठवतो.

नंतरची लढाई तुम्हाला ऐकून माहीत असेल. लिब्रेऑफिसचा पूर्वज असलेल्या ओपनऑफिसच्या घराण्यातून आलेलं ओडीएफ (ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट) २००६ मध्ये आयएसओ मानक झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टचं ओओएक्सएमएल, म्हणजे डॉक्स ज्यावर बेतलंय ते मानक, एक्माने स्वीकारलं, सुमारे सहा हजार पानांचं. २००७ च्या मतदानात ते आयएसओत नापास झालं, २००८ मध्ये सुधारणांनंतर मंजूर झालं. भारताने दोन्ही वेळा विरोधात मत दिलं, आणि मंजुरीनंतर दक्षिण आफ्रिका, ब्राझील, व्हेनेझुएलाबरोबर अपीलही केलं. ते फेटाळलं गेलं. त्या सहा हजार पानांत 'वर्ड ९५ सारखं अंतर सोड', 'वर्ड ६ सारखी ओळ मोड' अशा अर्थाच्या सेटिंग्ज होत्या. वर्ड ६ नेमकं काय करायचं हे बाहेरच्या प्रोग्रॅमरला कुठून कळणार? लिब्रेऑफिसच्या लोकांनी यातलं कितीतरी फाइली तपासून तपासून जुळवत आणलंय. म्हणून 'फुकटचं' हा शेरा ऐकला की मला खरंच वाईट वाटतं.

ब्रिटनच्या सरकारने २०१४ मध्ये जो नियम केला, तो मला सगळ्यात शहाणा वाटतो. एकत्र काम करायच्या फाइली ओडीएफमध्ये, फक्त वाचायच्या असतील तर एचटीएमएल (वेबपानाचं रूप) किंवा पीडीएफ-ए, म्हणजे दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार. फायलीचं काम काय, हे आधी ठरवलं. ओडीएचाच धडा.

तर आपल्या अहवालाचं काय करायचं? सभासदांना वाचायलाच द्यायचाय ना, मग पीडीएफ-ए करा. त्यात फॉन्ट आतच भरावे लागतात, त्यामुळे मंगल कुणाकडे असो-नसो, पान तेच दिसतं. सभासदांकडे मांडणी पोहोचते, चार्टचं चित्र पोहोचतं, वर्कबुक घरीच राहतं. ऑडिटरला दुरुस्त्या करायच्या असतील, तर स्टाइल्स लावलेली ओडीटी (ओडीएफमधली मजकुराची फाइल) किंवा डॉक्स द्या, फॉन्ट सांगा, आणि पान तुटण्यावर विसंबू नका. 'पान ४ वरचा तक्ता' असं हाताने लिहू नका, 'तक्ता २' म्हणा आणि क्रॉस रेफरन्स घाला. नवं प्रकरण नव्या पानावर हवं असेल, तर दहा वेळा एंटर मारण्यापेक्षा पेज ब्रेक द्या. चार्ट एम्बेड करा, लिंक नको. लिंक केली तर फाइलीत वर्कबुकाऐवजी तुमच्या सी ड्राइव्हचा पत्ता जातो, आणि ऑडिटरच्या कॉम्प्युटरवर त्या पत्त्यावर काहीच नसतं.

आणि दोन्ही हवं असेल तर? ओडीएचा तिसरा प्रकार लिब्रेऑफिसात आहे, पण फार कमी लोक वापरतात.

[स्क्रीनवर: पीडीएफ एक्सपोर्टची खिडकी]

एक्सपोर्ट ॲज पीडीएफ, जनरल टॅब, इथे हायब्रिड पीडीएफची चौकट आहे. ती टिक करा. आता जी फाइल निघते ती कुठल्याही मोबाइलवर साधी पीडीएफ म्हणून उघडते, आणि लिब्रेऑफिसात उघडली की मूळ ओडीटी बाहेर येते, दुरुस्त करता येते. एक काळजी घ्या: पलीकडच्याने दुसऱ्या कुठल्या पीडीएफ एडिटरमध्ये बदल केले, तर आतली ओडीटी जुनीच राहते. दुरुस्ती करायची ती लिब्रेऑफिसातच, आणि झाली की पुन्हा हायब्रिड एक्सपोर्ट.

हा अहवाल तिन्ही रूपांत व्हिडिओखाली ठेवलाय. डॉक्सची कॉपी करून झिप करा आणि स्वतः आत बघा. मराठीचं माप कुठे हरवतंय हे तुमच्या एखाद्या फाइलीत सापडलं, तर कोणत्या सॉफ्टवेअरमधून कोणत्यात जाताना ते झालं, तेवढं कमेंटमध्ये लिहा.